ब्रिटिशपणाची ‘बनावट’

लिंडा कॉली या इतिहासकार विदुषींचा ‘ब्रिटन्स : फोर्जिंग द नेशन १७०७–१८३७’ हा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच एक खोच आहे. इंग्रजीतील ‘फोर्ज’ म्हणजे ऐरणीवर ठोकून घडवणे आणि खोटा दस्तऐवज तयार करणेही. सुदैवाने मराठीतला ‘बनावट’ हा शब्द ही दोन्ही कामे बिनतक्रार करतो. राष्ट्र ही माणसांनी विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेपोटी घडवलेली वस्तू आहे, हे प्रतिपादन आता पुष्कळांच्या तोंडी झाले आहे. परंतु ब्रिटिश राष्ट्र कोणाच्या विरोधात घडले, याचे या ग्रंथातील विवेचन कॅथलिक वाचकाने थांबून वाचावे असे आहे.

१७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड यांची पार्लमेंटे एक झाली. वेल्स इंग्लंडला आधीच जोडले गेले होते. भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या; इंग्लंडची ख्रिस्तसभा अँग्लिकन, तर स्कॉटलंडची प्रेस्बिटेरियन. मग या लोकांनी एकमेकांना आपले म्हणावे ते कशाच्या जोरावर? लेखिकेचे उत्तर असे, की ते बहुसंख्येने प्रोटेस्टंट होते आणि खाडीपलीकडे बलाढ्य कॅथलिक फ्रान्स उभा होता. बांधावरच्या भांडणात अबोला धरलेले भाऊही एक होतात, तशातलाच हा प्रकार. पंचांगे, प्रवचने, व्यंगचित्रे अशा साध्यासुध्या साधनांतून लेखिका हे सिद्ध करतात. दरवर्षी ५ नोव्हेंबरला गनपावडर कटातून राज्य वाचल्याबद्दल चर्चमधून उपकारस्तुती होई. जॉन फॉक्स यांचा प्रोटेस्टंट हुतात्म्यांचा ग्रंथ सामान्यांच्या घरातही वाचला जाई. १७७८ साली कॅथलिकांना थोड्या सवलती मिळाल्या, तर १७८० च्या जूनमध्ये लंडन पेटले. सार्डिनियाच्या वकिलातीचे चॅपेलही जमावाने सोडले नाही. ही केवळ गुंडगिरी होती असे म्हणून सुटका करून घेता येते. पण आपण राष्ट्राचे रक्षण करीत आहोत, अशीच त्यांतील अनेकांची प्रामाणिक समजूत होती, आणि हेच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

माझा आक्षेप याच्या पुढचा आहे. या ग्रंथात कॅथलिक दिसतो तो बहुतांशी इतरांच्या भयातून. त्याचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो. आयर्लंड तर लेखिकेने जाणूनबुजून विवेचनाबाहेर ठेवले आहे. त्यामागची अडचण समजू शकते. परंतु १८०१ पासून आयर्लंड याच राज्याचा भाग होते आणि १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातील दर दहा शिपायांत चार आयरिश होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून १७९४ साली ग्लेनगॅरीची कॅथलिक पलटण उभी राहिली. फादर अलेक्झांडर मॅक्डोनेल तिचे धर्मगुरू होते, पुढे ते कॅनडात बिशप झाले. प्रोटेस्टंट राजासाठी बंदूक धरणारे हे लोक स्वतःला काय म्हणवून घेत असतील? १८२९ साली कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडली, हा प्रसंग लेखिकेने उत्तम रंगवला आहे. पण आत शिरणाऱ्याच्या मनात काय होते, हे तेथे सापडत नाही.

त्यासाठी कवीकडे जावे लागते. १९८२ साली पेंग्विनने समकालीन ब्रिटिश कवितेचा संग्रह काढला व त्यात शेमस हिनी यांना मानाचे स्थान दिले. हिनी १९३९ साली डेरी परगण्यातील कॅथलिक शेतकरी कुटुंबात जन्मले. कायद्याने तो प्रदेश युनायटेड किंगडमचा. तरीही १९८३ साली त्यांनी पद्यरूपी अनावृत पत्र लिहून ‘ब्रिटिश’ या बिरुदाला नकार दिला. या पत्रात आदळआपट नाही, उलट संकोच आहे. प्रकाशक लंडनचे, वाचक इंग्लंडचे, मग यजमानाच्या घरात बसून त्याचे आडनाव कसे नाकारावे, असा तो संकोच. मला ते पत्र त्यांच्या उत्तम कवितांच्या पंक्तीतले वाटत नाही; पण कॉली यांच्या ग्रंथातील रिकामी जागा ते नेमकी दाखवते.

आपल्यालाही हा पेच अगदी परका नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबई परिसरातील आपल्या मराठीभाषक कॅथलिक बांधवांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोव्याहून व मंगळूरहून आलेल्यांपासून आपले वेगळेपण सरकारदरबारी दिसावे, हा हेतू. नाव कंपनीचे, पण पुढे तेच आपुलकीचे झाले.

ब्रिटनमध्ये आज काय दिसते? २०२१ च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमधील ३१.९ टक्के लोकांनी स्वतःला केवळ ब्रिटिश म्हटले, २९.१ टक्के लोकांनी केवळ आयरिश, तर १९.८ टक्के लोकांनी केवळ ‘नॉर्दर्न आयरिश’. इंग्लंड व वेल्समध्ये केवळ ब्रिटिश म्हणवणारे २०११ साली १९.१ टक्के होते, ते २०२१ मध्ये ५४.८ टक्के झाले. दहा वर्षांत एवढे मनपरिवर्तन? खुलासा गमतीचा आहे. इंग्लंडमधील अर्जावर पूर्वी ‘इंग्लिश’ हा पर्याय सर्वांत वर छापलेला होता, या खेपेस ‘ब्रिटिश’ वर आला. या बदलाचा परिणाम असावा, असे सांख्यिकी कार्यालयानेच सांगितले. राजपदाच्या बाबतीत मात्र अर्ज जुनाच आहे : २०१३ च्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्यास सिंहासन मोकळे झाले, पण स्वतः कॅथलिक असणाऱ्यास ते अजूनही बंद आहे.

ग्रंथ जाडजूड आहे, भाषा मात्र क्लिष्ट नाही. ज्यांना तो सारा वाचणे होणार नाही, त्यांनी निदान ‘प्रोटेस्टंट्स’ हे पहिले आणि ‘व्हिक्टरीज’ हे शेवटचे प्रकरण वाचावे, आणि नंतर हिनी यांचे पत्र.