तृष्णा आणि स्वातंत्र्य

चार्ल्स जॉन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन बौद्ध लेखकाची ‘ऑक्सहर्डिंग टेल’ (१९८२) ही कादंबरी झेन परंपरेतील बैल शोधणाऱ्या गुराख्याच्या दहा चित्रांवर आधारलेली आहे. पळालेल्या गुलामांना पकडणारा बॅनन रेबला पकडू शकत नाही. कारण रेबच्या ठायी तृष्णाच उरलेली नाही. अनत्ताचे हे दर्शन प्रभावी आहे. परंतु गुलामाची स्वातंत्र्याची आस हीही तृष्णाच मानावी काय? तृष्णाक्षयाने रेब एकटा सुटला. गुलामगिरी संपण्यास मात्र यादवी युद्ध आणि १८६५ची घटनादुरुस्ती आवश्यक ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात दुःखाचे मूळ माणसाने माणसावर केलेल्या अन्यायातही दाखविले. त्या कसोटीवर ही श्रेष्ठ कादंबरी अर्धीच वाट चालते.