लोकसंख्या 64 : हा आकडा नक्की काय मोजतो?

टेक्सासच्या पश्चिम भागात, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून लव्हिंग नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. जमीन सुमारे 1,730 चौरस किलोमीटर, कोरडी आणि झुडपी. एका कडेने पेकोस नदी, मुख्य ठिकाण मेंटोन. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 64. माणशी 27 चौरस किलोमीटर! एवढं वाचलं की लिहिणारे ठरलेली गोष्ट सांगून मोकळे होतात : ओसाड मुलूख, माणसं निघून गेली, सगळं संपत चाललंय. मला हे वाचनच चुकीचं वाटतं.

आधी टक्केवारी बघा. 2000 साली 67, 2010 साली 82, 2020 साली 64. म्हणजे आधी 22 टक्के वाढ, मग 22 टक्के घट. प्रबंधात हे केवढं मोठं दिसेल! प्रत्यक्षात आधी 15 माणसं वाढली, नंतर 18 कमी झाली. चार-पाच कुटुंबांची ये-जा. त्यात 2020 साली गोपनीयतेसाठी जनगणना विभागाने आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केला. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली, काउंटीची नाही. मग 64 मधल्या एकेका माणसावर सिद्धांत कसा उभा करणार?

पण खरी गोम वेगळीच आहे. 2010 ते 2020 हा इथल्या तेलाच्या तेजीचा काळ. रस्त्यांवर टँकर, कामगारांच्या छावण्या, आणि लोकसंख्या मात्र घटलेली. कारण अमेरिकी जनगणना विचारते, तुम्ही बहुतेक काळ कुठे राहता आणि झोपता? काही आठवडे कामावर येऊन घरी परतणारा कामगार त्याच्या घरच्या गावी मोजला जातो. तेव्हा 64 हा आकडा खोटा नाही, तो फक्त त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. मतदानाचा अभ्यास करताय? चालेल. रस्ते अपघातांचं दरडोई प्रमाण काढताय? मग अंशात बाहेरून आलेले हजर आणि छेदात फक्त रहिवासी, असा घोळ होणार. दरडोई उत्पादनाचंही तेच. तेल जमिनीतून निघतं, भागाकार मात्र 64 ने.

जाता जाता इतिहासही बघा. 1890च्या जनगणनेत इथे 3 माणसं होती. तीनच वर्षांनी 150 मतदारांच्या सह्यांचा अर्ज करून काउंटी स्थापन झाली! 1897 साली ती मोडीत निघाली आणि 1931 साली पुन्हा उभी राहिली. मतदार खरा रहिवासी की कागदावरचा, यावरून तिथे अलीकडेही भांडणं झाली आहेत.