'स्वामी'तला सोळा वर्षांचा मुलगा

१४ जानेवारी १७६१ला पानिपतावर थोरला भाऊ विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ गेले. जूनमध्ये वडील नानासाहेबही. सोळाव्या वर्षी माधवराव पेशवे झाले आणि पुढच्याच वर्षी आळेगावला सख्ख्या काकांकडून, रघुनाथरावांकडून हरले. पानिपत आता घरात शिरलं होतं.

रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) या दुभंगलेल्या घराची कादंबरी आहे; आपण मात्र ती रमा-माधवाची प्रेमकथा म्हणून वाचतो. दोष निव्वळ वाचकांचा नाही. देसाईंचा माधवराव इतका करारी, इतका प्रौढ आहे की त्याच्यातलं पोरकं पोर फारसं दिसतच नाही. मला कादंबरी सर्वांत खरी वाटते ती काका समोर आले की. ज्यांच्या पाया पडायचं, त्यांनाच शेवटी कैदेत ठेवायचं!

शेवट मला पटत नाही. आमच्या लोणी काळभोरहून थेऊर जवळच. १८ नोव्हेंबर १७७२ला माधवराव तिथे गेले, रमाबाई सती गेल्या. कादंबरी त्याला प्रेमाचा कळस करते. मला तिथे एका तरुण बाईचं जळणं दिसतं. त्या उजेडात घराची भेग झाकली जाते. दहा महिन्यांच्या आत धाकट्या नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला.

'स्वामी' जरूर वाचा. पण काका-पुतण्याची गोष्ट म्हणून.