परतीच्या कडा कुठे गेल्या?

आता आपल्या शिरूर कासारचंच घ्या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पट्टा पडला की परततात. आम्ही गावांचे शिरोबिंदू केले, प्रवासाच्या दिशा असलेल्या कडा जोडल्या आणि नेटवर्कएक्सकडे ‘एजेस’ म्हणून शिरूरच्या कडा मागितल्या. हाती आल्या फक्त जाणाऱ्या! येणाऱ्यांसाठी ‘इन-एजेस’ वेगळं मागावं लागतं. आयग्राफची तऱ्हा आणखी न्यारी: मुद्दाम दिशा सांगितली नाही, तर ‘इन्सिडेंट’ आर भाषेत दोन्हीकडच्या कडा देतं, पायथनमध्ये मात्र फक्त जाणाऱ्या. आमचा आक्षेप इथे आहे. नैयायिकांनी संबंधाला अनुयोगी आणि प्रतियोगी अशी दोन टोकं मानली, एकाच्याच नावावर सातबारा केला नाही. इथे नाव ‘एजेस’ आणि माप अर्धं! आमच्या पहिल्या तक्त्यात शिरूरला कुणी परतलंच नव्हतं.