पडदा, कुलूप आणि शौचकूप

शौचकूप हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्या मराठी समीक्षेला सहसा पडत नाही. पाणवठ्यावर आपण लिहिले, भाकरीवर लिहिले, गावकुसावर लिहिले. परंतु राजाचे आणि रंकाचे शरीर जेथे एकच काम करते, त्या जागेविषयी आपण बहुधा गप्प राहतो. प्रस्थापित साहित्याला तिची किळस वाटते, म्हणून ते गप्प. आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण गप्प. या दोन मौनांची कारणे वेगळी आहेत, पण दोन्ही मौने व्यवस्थेच्याच उपयोगी पडतात.

गेल्या वर्षी मी प्रथमच विमानात बसलो. पुढे महागड्या तिकिटाच्या मोजक्या खुर्च्या, मागे आमच्यासारख्यांची गर्दी आणि मध्ये एक पातळ पडदा. पुढच्या दहा-बारा आसनांसाठी एक शौचकूप, मागच्या दीडशेच्या आसपास आसनांसाठी दोन. मागे रांग लागली होती. धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ पडदा सारून पुढे गेले. त्यांना अतिशय गोड शब्दांत परत पाठवण्यात आले. काही वेळाने पुढचा एक प्रवासी, त्याच्याकडचे दार बंद होते म्हणून, मागे आला. आम्ही रांगेतल्या लोकांनी त्याला आपणहून वाट करून दिली. त्याला कोणीही अडवले नाही. माझ्या मते या प्रसंगातला खरा मजकूर त्या म्हाताऱ्याच्या परत जाण्यात नाही, तो आम्ही दिलेल्या वाटेत आहे. जो नियम फक्त खालून वर जाणाऱ्यालाच लागू होतो, त्याला शिष्टाचार म्हणायचे की उतरंड?

यावर उत्तर तयार असते : ‘त्याने जास्त पैसे मोजले आहेत.’ हा युक्तिवाद रागाने उडवून लावण्यापूर्वी तपासला पाहिजे. विमानातला पडदा म्हणजे अस्पृश्यता, असे म्हणणे चुकीचे होईल. तिकीट विकत घेता येते, जात विकत घेता येत नाही. आपल्यातला एखादा अधिकारी पैसे भरून पडद्यापलीकडे बसू शकतो आणि त्याची जात तेथे कोणी विचारत नाही. वर्ग आणि जात यांची अशी सरमिसळ करून आपण आपलाच लढा पातळ करतो. परंतु रुंद खुर्ची विकणे, चांगले जेवण विकणे एक आणि देहधर्माची वाट अडवणे दुसरे. खुर्ची ही सोय आहे, लघवी ही सोय नव्हे. सोयीचा भाव ठरवता येतो. गरजेला भाव लावला की तेथे माणसाची किंमत ठरू लागते. आणि ती ठरवण्याची सवय आपल्या समाजाने कोठून उचलली, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही कादंबरी 1935 साली आली. तिच्या शेवटी शौचकूप साफ करणाऱ्या बाखापुढे तीन वाटा येतात : ख्रिस्ती धर्म, गांधीजी आणि पाण्याने आपोआप धुतले जाणारे यंत्र. यंत्र आले की मैला हाताळावा लागणार नाही आणि मग अस्पृश्यताही संपेल, अशी त्यातल्या कवीची आशा आहे. कादंबरी प्रामाणिक आहे, पण ही आशा अर्धीच खरी ठरली. विमानातले शौचकूप हे त्या यंत्राचे टोक होय. तेथे हवेच्या दाबातील फरकाने सारे क्षणात ओढले जाते. देशात उडणाऱ्या कित्येक विमानांत पुढच्या व मागच्या शौचकूपांचा मैला एकाच टाकीत जातो. म्हणजे पोटात टाकी एक आणि वर दारे दोन! यंत्राने घाण वेगळी ठेवली नाही, माणसांनी माणसे वेगळी ठेवली.

बाबासाहेबांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात गांधीजींच्या भंगीकामाच्या गौरवाला उत्तर देताना नेमके हेच दाखवले होते. या देशात माणूस काम करतो म्हणून भंगी ठरत नाही. तो जन्माने भंगी ठरतो, मग ते काम तो करो वा न करो. आनंद यांच्या कवीला हे दिसले नाही. काम यंत्राकडे जाऊ शकते, दर्जा यंत्राकडे जात नाही. आणि काम तरी पुरते कोठे गेले? हाताने मैला उचलण्याला बंदी करणारा कायदा 1993 साली झाला, 2013 साली पुन्हा नवा करावा लागला, आणि तरीही गटारांत उतरून माणसे मरतच आहेत.

रेल्वेचा इतिहासही हेच सांगतो. गांधीजींनी 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील हाल लिहिले, त्यात शौचकूपांची घाणही आहे. तिसरा वर्ग 1974 साली नावापुरता गेला. अलीकडे जैव-शौचालये बसेपर्यंत पहिल्या वर्गाचा आणि शेवटच्या वर्गाचा मैला एकाच रुळावर पडत होता आणि तो साफ करणारी माणसे बहुतेक एकाच समाजातून येत होती. डब्यांचे वर्ग अनेक होते, खाली वाकणाऱ्याची जात मात्र ठरलेली होती.

येथे कायद्याची एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. संविधानाच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. 1955 चा अस्पृश्यता गुन्ह्यांविषयीचा कायदा, ज्याला 1976 च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, तो आणखी पुढे जातो. अस्पृश्यतेच्या कारणावरून जेथे मज्जाव करता येणार नाही, त्या जागांच्या यादीत त्याने नळ, स्मशान यांच्याबरोबर शौचालयही घातले आहे. कायदा करणाऱ्यांना जे लिहायला लाज वाटली नाही, ते लिहायला आपल्या लेखकांना का वाटावी?

आता विमानातून भामरागडला उतरू. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरचे हे गाव. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की जगाशी संबंध तुटतो. निवडणुकीत मतदान पथके घेऊन येणारे हेलिकॉप्टर येथील माडिया पोरांनी पाहिले आहे. विमानात बसलेला विरळाच. जंगलात दार नव्हते, म्हणून कुलूपही नव्हते. याचा अर्थ तेथे सगळे समान होते, असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. मासिक पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्मा घरात राहावे लागण्याची रूढी याच समाजातली. शरीराच्या नावाने माणूस बाजूला काढण्याची कला कोणा एकाची मक्तेदारी नाही. पण योजनांबरोबर भिंती आल्या, भिंतींबरोबर दारे आली, आणि कार्यालये, वसतिगृहे, शाळा यांतून आपण सुशिक्षितांनी त्यांना कुलपे आणली. ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ ही पाटी वाचणारी पोरे वाचायला आमच्याकडूनच शिकतात.

हे मी बाहेरून लिहीत नाही. यापूर्वी दुसऱ्या एका गावी, ज्या संस्थेत मी शिकवत होतो, तेथे प्राध्यापकांच्या शौचकूपाला कुलूप असे आणि एक किल्ली माझ्या खिशात असे. आमच्या घरात शौचकूप नव्हते. माझी आई अंधाराची वाट पाहत असे. म्हणून त्या किल्लीचा मला, खोटे कशाला बोलू, अभिमान होता. रोज सकाळी ते शौचकूप धुणारी बाई आमच्याच समाजातली होती. ती स्वतः मात्र मागच्या शेताकडे जाई. दुपारनंतरच्या तासांना मुली का बसत नाहीत, म्हणून हजेरीवर मी वर्गात व्याख्यान दिले. तास संपल्यावर एक मुलगी दाराशी थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, “सर, आमच्याकडं पाणी नसतं. दुपारपातूर कसंबसं निभतं.” किल्ली माझ्या खिशात होती. चार वर्षे होती.

विमानात मी त्या प्रवाशाला वाट दिली, ती याच खिशाने दिली. उतरंडीचे बळ वरच्याच्या उद्धटपणात नसते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले ते याचसाठी : प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी हवा असतो, म्हणून प्रत्येकजण आपल्या पायरीचा पहारेकरी होतो. शिकलेला दलित एखादी पायरी चढला की त्याच्या हाती पहिली वस्तू येते ती किल्ली.

आपल्या आत्मकथनांनी भूक सांगितली, अपमान सांगितला. आता पहिल्या पिढीच्या पदवीधराने ही किल्लीही सांगितली पाहिजे. नाहीतर आपले साहित्य फक्त दुसऱ्याने आपल्यावर केलेल्या अन्यायाचे दप्तर होईल. आपण चालू ठेवलेल्या अन्यायाचे पान त्यात कोरेच राहील. आणि लिहिण्याबरोबर एक साधे काम करता येईल. ज्या शाळेत, वसतिगृहात, कार्यालयात आपण काम करतो, तेथे एवढेच विचारावे : जे शौचकूप ती बाई धुते, ते तिला वापरता येते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर महाडचे तळे अजून त्याच इमारतीत आहे असे समजावे, आणि त्याच्या पायरीवर कुलूप घेऊन आपणच उभे आहोत, हेही समजावे.