होकाराची रात्र

त्रिपुरारी पौर्णिमा झाली की कोकणातल्या कसालच्या आजूबाजूच्या गावांत जत्रा लागतात आणि देवळापुढे रात्रभर धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, रंगतो. लहानपणी माझे डोळे राजापेक्षा राक्षसावरच खिळलेले असायचे. तो किंकाळी फोडत आला की अंगावर काटा यायचा. पहाटे तोच माणूस तोंडाचा रंग पुसत पेटाऱ्यावर दमून बसलेला दिसायचा. केंतारो मिउरा यांची 'बर्सर्क' ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथांची मालिका वाचताना तो पेटाऱ्यावरचा माणूस मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

1989 साली सुरू झालेली ही मालिका वरवर पाहिली तर मारधाडीची आहे. मध्ययुगीन युरोपसारखा मुलूख, गट्स नावाचा भाडोत्री सैनिक, पाठीवर लोखंडाच्या लादीसारखी तलवार आणि मानेवर एक डाग. अंधार पडला की त्या डागातून रक्त ठिबकतं आणि भुतं त्याच्याभोवती गोळा होतात. उजाडेपर्यंत झुंजायचं, मग जमलं तर झोपायचं. पण या सगळ्याच्या मुळाशी एक अट आहे. राक्षस होण्याआधी माणसाला विचारलं जातं. तो निराशेच्या तळाला पोचला की बेहेलिट, म्हणजे डोळे-नाक-तोंड विस्कटलेलं एक अंडं, जागं होतं आणि त्याच्याकडे त्याचं सगळ्यात जवळचं माणूस मागितलं जातं. 'दिलं' असं त्यानं म्हणायचं. आमच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'कोंडुरा' लिहिली, तिच्यातही माणसाला शक्ती मिळते ती अटीसकट. म्हणूनच मला हा जपानी अंधार परका वाटला नाही.

आणि ही अट नुसती सांगून मिउरा थांबत नाहीत. अगदी सुरुवातीच्या खंडांत एक सरदार भेटतो. त्यानं पूर्वी बायकोचा बळी देऊन राक्षसपण घेतलेलं. मरताना त्याला पुन्हा संधी मिळते, फक्त मुलगी द्यायची. तो अडखळतो, देत नाही आणि नरकात ओढला जातो. नकार देता येतो, हे वाचकाला इथेच कळून चुकतं. पुढे गट्सच्या सैन्याचा नायक ग्रिफिथ ग्रहणाच्या वेळी आपल्या सगळ्या साथीदारांचा बळी देतो तेव्हा नशिबाकडे बोट दाखवायची सोयच उरत नाही.

त्या ग्रहणाच्या प्रसंगाबद्दल सगळेच बोलतात. मला त्याच्या कितीतरी आधीचा जिना महत्त्वाचा वाटतो. ग्रिफिथच्या हुकमावरून खून करून आलेला, त्यात चुकून एका लहान मुलालाही मारून बसलेला गट्स खाली उभा आहे. वर ग्रिफिथ राजकन्येला सांगतोय की जो स्वतःच्या स्वप्नासाठी जगतो, तोच माझा मित्र. खालच्या माणसानं हे ऐकलं, याचा ग्रिफिथला पत्ता नाही. त्याचा मित्र व्हायचं म्हणूनच गट्स पुढे त्याला सोडून जातो आणि त्या जाण्यानं ग्रिफिथ मोडतो. सगळा सत्यानाश प्रेमाच्या एका वाक्यातून उगवलेला आहे. मिउरा ही पानं जवळजवळ गप्प ठेवतात. वर उजेड, खाली ओला, रक्ताळलेला माणूस, आणि मध्ये पायऱ्या. बारीक रेघांवर रेघा ओढून केलेला तो काळोख पाहताना हात आपोआप थांबतो.

रोझीनची गोष्ट तर मी तीनदा वाचली. घरच्या मारहाणीला कंटाळून पळालेली मुलगी, शोधायला आलेल्या आईबापांचाच बळी देऊन पऱ्यांची राणी झालेली. तिनं पऱ्या केलेली मुलं युद्ध-युद्ध खेळतात आणि खेळता खेळता एकमेकांना खरोखर फाडतात. घायाळ झाल्यावर ती उडत निघते कुठे, तर घराकडे. तिची मैत्रीण जिल गट्सच्या मागे लागते, मलाही ने म्हणते. तो तिला एक रात्र दाखवतो, भुतांनी भरलेली. सकाळी ती आपल्या दारुड्या बापाच्या गावी परत फिरते. सुटका कुणाचीच नाही. तरी मुलीचं पाऊल घट्ट पडलेलं दिसतं.

अशी मुलगी रंगवणाऱ्या चित्रकारानं कास्काचं जे केलं, ते मला मान्य नाही. हजारो सैनिकांना हुकूम देणारी ही बाई. ग्रहणात तिच्यावर ग्रिफिथनं केलेल्या अत्याचारानंतर तिचं भान हरपतं. ते प्रसंग 1990 च्या दशकातले आणि तिला भान परत येतं 2018 मध्ये. एवढा काळ गट्सचं दुःख वाढावं, म्हणून ती मुकी राहते. गट्सला राग आहे, तलवार आहे, सोबती आहेत. तिला स्वतःच्या वेदनेबद्दल एक वाक्यही नाही. इतरत्रही बाईवरचा अत्याचार इतक्या वेळा आणि इतक्या रेखीवपणे येतो की भयाची जागा सवय घेऊ लागते. राक्षसाला माणूस मानणाऱ्या लेखकाकडून ही चूक जास्त बोचते. त्या मानाने जहाजावर वर्षानुवर्षं रेंगाळलेलं कथानक हा दोष लहान आहे.

6 मे 2021 रोजी मिउरा गेले, वयाच्या 54 व्या वर्षी. गोष्ट अर्धीच होती. त्यांनी शेवट आपले शाळेपासूनचे मित्र, मांगाकार कोउजी मोरी यांना पूर्वी कधीतरी तोंडी सांगून ठेवला होता. त्या आठवणीवर भिस्त ठेवून मिउरांच्या स्टुडिओतल्या चित्रकारांनी जून 2022 पासून मालिका पुन्हा सुरू केली. दशावताराला लिखित संहिता नसते. रंग लावता लावता कथा ठरते, संवाद रंगमंचावर जाऊन सुचतात. त्यामुळे ऐकलेली गोष्ट पुढे नेण्यात मला काही वावगं वाटत नाही. नव्या भागांत रेघ तीच आहे, कवच-तलवारीवरचा उजेडही तोच. पण प्रसंग भराभर उरकतात. जिन्याच्या पायथ्याशी उभ्या माणसावर पानभर थांबायचं धैर्य त्यांच्यात अजून आलेलं नाही. मी मात्र प्रत्येक नवा भाग उघडतो आणि आधी तेच शोधतो.