मल्लाची न दिसणारी इजा

कागलचे आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीतील गुणा हा पैलवान गडी तमाशात नाच्या होतो. मल्लाच्या देहातील हा पालट गावाच्या नजरेस पडणारा आहे. मल्लाची पारख नजरेनेच करण्याचा प्रघात तालमीतही आहे. वैद्यक ज्यास ‘कन्कशन’ म्हणते त्या मेंदूच्या इजेपुढे मात्र ही पारख अपुरी पडते. तेल, ताक व हळद घालून मुरविलेली आखाड्यातील माती पाठीचा मार सौम्य करते. कवटीतील मेंदूस बसणारा हिसका ती पूर्णपणे थोपवू शकत नाही. भोवळ ओसरताच कोवळ्या मुलास पुन्हा आखाड्यात उतरविणे म्हणूनच सदोष होय. पहिली इजा भरून येण्यापूर्वी दुसरी बसल्यास क्वचित मेंदूस प्राणघातक सूज येते. शिवाय पुढील काळात पायाचे सांधे व स्नायू दुखावण्याचा संभवही वाढतो. २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेने सुचविलेला क्रम येथे ग्राह्य ठरावा: त्या दिवशी खेळ बंद, एक-दोन दिवस बेताची विश्रांती, नंतर चढत्या सहा पायऱ्या, प्रत्येकीस निदान २४ तास, आणि प्रत्यक्ष झोंबीपूर्वी डॉक्टरांची अनुमती. पडल्यावर उठण्याची जिद्द शिकविणाऱ्या वस्तादाने थांबण्याचा संयमही शिकविला पाहिजे. त्यावाचून तालमीची विद्या अपुरीच राहील.